डोळेवाल्याचं पोर्ट्रेट

पत्र आलं तेव्हा राजे दाढी करत होते. बायकोने ते बाहेरूनच मोठ्याने वाचून दाखवलं. डोळ्यांच्या हॉस्पिटलमधले डोळेवाले काका महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत, त्यांच्या पेशंट लोकांनी मिळून त्यांचं तैलचित्र करून घ्यायचं ठरवलं आहे, ते तपासणीच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये कायमचं लागेल, आणि शहरातले सर्वांत नामवंत पोर्ट्रेट चित्रकार म्हणून हे काम आपणच करावं, अशी सर्वांची इच्छा आहे. 'सर्वांत नामवंत' ऐकून राजेंनी आरशात स्वतःकडे जरा कौतुकाने पाहिलं. मग डोळेवाले काका म्हणजे कोण ते त्यांच्या ध्यानात आलं आणि वस्तरा हनुवटीला लागला.

राजे हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आर्ट स्कूलमध्ये असताना सगळी पोरं स्टुलावर बसायची आणि हे कुठून तरी एक हातांची खुर्ची पैदा करून तिच्यात बसून रंगवायचे, म्हणून राजे. नाव ठेवलं ते याच डोळेवाल्याने. त्याला वर्गात टाचणी म्हणत. अंगकाठी तशी होतीच, शिवाय पेन्सिलीला टोक काढायला बसला की तास संपला तरी काढतच बसायचा. राजेंना त्याच्याबद्दल काय वाटायचं ते एका शब्दात सांगता येईल. जळायचे. चाळीस वर्षं जळत होते, आणि आपण जळतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर आणखीच जळायचे.

आता कुणीही म्हणेल, राजेंनी जळावं असं टाचणीकडे होतं तरी काय? राजेंनी तीनशेवर पोर्ट्रेट्स केली होती. बँकांचे अध्यक्ष, कोर्टातले न्यायाधीश, कॉलेजांचे प्राचार्य, सगळे राजेंच्या हातून भिंतीवर चढले होते. टाचणी शेवटच्या परीक्षेत नापास झाला आणि हॉस्पिटलात चिकटला. ज्यांचा डोळा अपघाताने किंवा आजाराने गेला त्यांना तो नकली डोळे करून द्यायचा. लोक त्याला अजून काचेचा डोळा म्हणतात, पण तो असतो प्लॅस्टिकचा, आणि त्याचं बुबुळ हाताने रंगवावं लागतं. नखाएवढ्या चकतीवर उभा जन्म घालवला त्याने. प्रदर्शन नाही, बक्षीस नाही, पेपरात एक ओळ नाही.

पण राजेंनी ती नापास झालेली परीक्षा पाहिली होती. एका म्हातारीला तीन दिवस समोर बसवलं होतं आणि तिचं पोर्ट्रेट करायचं होतं. राजेंनी तिसऱ्या दिवशी दुपारीच सही ठोकली. चेहरा, शाल, हात, मागचा पडदा, सगळं जागच्या जागी. पहिला नंबर त्यांचाच आला. मधल्या सुट्टीत वर्गात कुणी नव्हतं तेव्हा ते सहज टाचणीचा कॅनव्हास ठेवलेल्या लाकडी घोडीसमोरून गेले. तो जवळजवळ कोरा होता. तीन दिवसांत या गाढवाने फक्त दोन डोळे रंगवले होते. ना नाक, ना तोंड, ना चेहऱ्याची कड. आणि ते दोन डोळे राजेंकडे बघत होते. राजे डबा न खाताच घरी गेले.

त्या दिवसापासून त्यांनी डोळ्यांचं एक तंत्र बसवून टाकलं. तपकिरी, वर थोडी सावली, आणि डाव्या अंगाला वरच्या बाजूला पांढऱ्याचा एक टपोरा ठिपका. अध्यक्ष असो, प्राचार्य असो, ठिपका तोच. गिऱ्हाइकं 'हुबेहूब' म्हणायची. चाळीस वर्षांत याखेरीज दुसरा शब्द कुणी काढला नव्हता. आणि मुख्य म्हणजे, खुद्द राजेंचं पोर्ट्रेट करावं असं आजवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"नसेल करायचं तर नाही म्हणून कळवा," बायको म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं. हनुवटीवर कापूस दाबून धरत राजे म्हणाले, "करणार. आणि असं करणार की त्याने समोर उभं राहून म्हणायला पाहिजे, राजे, हे मला जमलं नसतं." एवढंच त्यांना हवं होतं. बाकी जगाने काय ते म्हणून झालं होतं.

आधी ते हॉस्पिटलात जाऊन आले. माणूस त्याच्या कामाच्या जागी बघावा असा त्यांचा शिरस्ता होता, असं ते सगळ्यांना सांगत. खरं म्हणजे टाचणीची खोली केवढीशी आहे ते त्यांना बघायचं होतं. खोली केवढीशीच निघाली, त्यांना बरं वाटलं. खिडकीशी एक टेबल, त्यावर बोटाएवढ्या बाटल्यांत रंग, एका डबीत लाल रेशमाचे तंतू. नकली डोळ्याच्या पांढऱ्या भागावर शिरा दिसाव्यात म्हणून ते तंतू एकेक करून चिकटवतात, हे राजेंना त्या दिवशी कळलं. टाचणी उजव्या डोळ्याला घड्याळजीची असते तशी भिंगाची नळी लावून, करंगळी चकतीच्या कडेला टेकवून रंगवत होता. समोर एक बाई बसली होती. तो तिच्या चांगल्या डोळ्याकडे बघायचा, एक रेघ ओढायचा, पुन्हा बघायचा. फक्त सकाळी, अकराच्या आत. नंतरचा उजेड पिवळा पडतो म्हणाला.

दुसऱ्या एका पेशंटला त्याने तयार डोळा बसवून दिला आणि हातात आरसा दिला. तो माणूस आरशात बघत राहिला, मग टाचणीचा हात धरून रडायला लागला. राजेंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी रंगवलेल्या प्राचार्यासमोर कधी शिपाईसुद्धा रडला नव्हता.

"किती वेळ लागतो रे एकाला?" त्यांनी विचारलं.

"तो माणूस डोळ्यात दिसायला लागेपर्यंत," टाचणी म्हणाला. साधं उत्तर होतं. राजेंना मात्र तो टोमणा वाटला, आणि घरी जाईपर्यंत ते मनातल्या मनात त्याला उत्तरं देत राहिले.

बैठका राजेंच्या स्टुडिओत ठरल्या, रोज सकाळी दोन तास. त्यांनी टाचणीला चौथऱ्यावरच्या खुर्चीत बसवलं, तोंड तीन चतुर्थांश वळवलं, त्याची डावी बाजू आपल्याकडे घेतली. खुर्चीच्या पायांभोवती आणि त्याच्या चपलांभोवती खडूने रेघा मारल्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो नेमका तिथेच बसेल. समोरच्या भिंतीवर एक खिळा होता. "त्या खिळ्याकडे बघायचं. दुसरीकडे नाही." टाचणीने मान हलवली आणि खिळ्याकडे बघत बसला. दगडासारखा बसला. राजेंच्या तीनशे गिऱ्हाइकांत असा बसणारा एकही नव्हता, आणि हीसुद्धा गोष्ट त्यांना आवडली नाही.

त्याची प्रत्येक गोष्ट त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. हाक मारली की हा नुसती नजर वळवायचा नाही, अख्खी मान वळवायचा, सावकाश. राजेंनी ठरवून टाकलं की निवृत्तीच्या आधीच याच्या अंगात मोठेपणा शिरलाय. चहा ओतताना किटलीची तोटी कपाच्या काठाला टेकवूनच ओतायचा. राजे मनात म्हणाले, म्हातारा झाला, हात कापतो, चला, एवढं तरी माझ्या बाजूने आहे. बैठक संपल्यावर चौथऱ्याची पायरी उतरताना तो पायाने ती चाचपायचा. राजे स्वतः मुद्दाम ती पायरी दोनदा खटाखट उतरून दाखवायचे.

चौथ्या दिवशी चेहऱ्याची ठेवण आली. सहाव्या दिवशी कातडी, गालाचे खड्डे, पांढऱ्या मिशा. मग डोळे. राजेंनी आयुष्यात पहिल्यांदा तो टपोरा ठिपका मारायचा नाही असं ठरवलं. टाचणीचा उजवा डोळा काही हाताशी येईना. ढग आला की बाहुली मोठी व्हायची, ऊन आलं की बारीक. कधी लाल दिसायचा, कधी ओलसर, मध्येच पापणी थरथरायची. डावा मात्र शहाण्या मुलासारखा बसून राहायचा. सकाळी जसा, दोन तासांनी तसाच. राजे त्याच्यावर खूश झाले. त्यांना त्यात काय काय दिसायला लागलं. बुबुळाची कड राखाडी होती, मधला रंग नुसता तपकिरी नव्हता, आत मातकट हिरवट धागे होते, बाहुलीजवळ मधासारखं एक कडं होतं. पांढऱ्यात कोपऱ्याकडे जाणारी एक शीर वाटेत किंचित वाकलेली होती. राजेंनी बारीक ब्रश काढले, जे वर्षानुवर्षं काढले नव्हते. चार सकाळी त्यांनी त्या एका डोळ्यावर घालवल्या, आणि त्यांच्या अंगात परीक्षेच्या त्या तीन दिवसांचं वारं शिरलं होतं. जेवताना ते बायकोला सांगायचे, "त्याचं सगळं त्या डाव्या डोळ्यात आहे. सगळं शहाणपण, सगळा घमेंडखोरपणा. मी धरला त्याला." बायको म्हणाली, उजव्याचं काय? राजे म्हणाले, "उजवा थकलेला आहे. तो मागे ठेवायचा."

अकराव्या सकाळी त्यांनी चित्र पुरं झाल्याचं जाहीर केलं. टाचणी बायकोला घेऊन आला होता. ती वर्गातल्या सगळ्यांची वहिनी होती. तिने राजेंच्या बायकोसाठी बागेतली शेवंतीची फुलं आणली होती, आणि ती हातात धरूनच चित्रासमोर उभी राहिली. टाचणी खुर्चीतून उठला, पायरी चाचपत उतरला, चित्रापाशी आला. आधी दुरून पाहिलं, मग इतकं जवळ जाऊन पाहिलं की त्याचं नाक रंगाला लागतंय की काय असं वाटलं. राजे दाराला टेकून उभे होते. त्यांच्या छातीत धडधडत होतं, साठीच्या पुढचा माणूस आणि छातीत धडधड, त्यांची त्यांनाच लाज वाटत होती.

"डावा डोळा फार सुरेख आलाय," टाचणी म्हणाला.

राजेंना वाटलं, झालं. चाळीस वर्षांचं ओझं उतरलं. त्यांना गप्प बसता आलं असतं तर पुढचं टळलं असतं, पण इतक्या वर्षांनी मिळालेलं कौतुक माणूस एका घासात गिळत नाही. ते पुढे झाले आणि समजावून सांगायला लागले. की बघ, तुझा जिवंतपणा इथे आहे, या डाव्यात. माणसाचा एक डोळा बोलका असतो, एक मुका. तुझा उजवा मुका आहे, तो मी दबता ठेवलाय. तू आयुष्यभर लोकांचे डोळे केलेस, पण स्वतःचा डोळा असा कधी पाहिला नसशील. बोट नाचवत ते त्या मधाच्या कड्याबद्दल बोलले, त्या वाकलेल्या शिरेबद्दल बोलले.

टाचणी खाली बघत होता. "हो, ती शीर जरा वाकलीच आहे," एवढंच म्हणाला, आणि चपला शोधायला लागला.

पण वहिनींना राहवलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू. "भावजी," त्या म्हणाल्या, "तो डोळा यांनीच केलाय."

राजेंना कळलं नाही. केलाय म्हणजे?

मग वहिनींनी सांगितलं. बारा वर्षांपूर्वी नकली डोळ्याला चकाकी आणायच्या चाकावरून एक कपचा उडून टाचणीच्या डाव्या डोळ्यात घुसला. डोळा वाचला नाही. त्याने स्वतःसाठी नकली डोळा स्वतःच केला, खिडकीशी आरसा ठेवून, उरलेल्या डोळ्याने उरलेला डोळा बघत. सात केले, सातवा बसवला. घरात त्यांना आणि हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरांना सोडून कुणाला ठाऊक नाही. एका डोळ्याचा माणूस आपल्याला काय रंग जुळवून देणार असं पेशंटना वाटलं असतं, म्हणून कुणाला सांगितलं नाही. बारा वर्षं एका डोळ्यावर हे काम चाललं होतं.

"रोज आरशात बघून मला विचारायचे, ओळखू येतो का गं," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणायची नाही येत. पण मी घरची. तुम्ही अकरा दिवस समोर बसवून पाहिलंत, तुम्ही. इतकी मोठी पावती यांना आजवर कुणी दिली नव्हती, भावजी."

राजे त्या दोघांना दारापर्यंत सोडायलासुद्धा गेले नाहीत. ते त्या हातांच्या खुर्चीत बसले. खुर्ची अजून तीच होती. त्यांना टाचणीच्या डोळ्याचं वाईट वाटायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. वाटत होतं फक्त आपलं. अकरा दिवस माणूस समोर होता आणि आपण त्याच्यावर जळण्यात इतके गुंतलो होतो की त्याच्याकडे बघायचं राहिलं. मान का वळवतो, तोटी का टेकवतो, सगळं समोर होतं. आणि आपल्या तीनशे चित्रांत जो एकच डोळा जिवंत उतरला तो त्याच्या हातचा, आपण नुसती नक्कल केली. अंगाची लाही लाही झाली. त्यांनी रंग खरवडायची पाती उचलली, त्या डाव्या डोळ्यापर्यंत नेली, आणि ठेवून दिली. तो डोळा पुसायचा तर टाचणीचं काम पुसणं झालं असतं. तेवढी हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर तेवढं सुंदर काही पुसायला त्यांचा हातच धजला नाही.

संध्याकाळी त्यांनी फोन केला. "उद्यापासून तीन दिवस ये. उजवा राहिलाय."

"येतो," टाचणी म्हणाला.

ते तीन दिवस राजेंनी खिळ्याकडे बघायला सांगितलं नाही. म्हणाले, माझ्याकडे बघ. उजवा डोळा पळत होता, राजे त्याच्यामागे पळत होते. दोन डोळ्यांचं काम बारा वर्षं एकटा करत होता तो. खालची पापणी सुजलेली, कोपऱ्यात लाली, भिंगाच्या नळीने खाली पडलेला एक अर्धगोल वळ कायमचा. तो दुखत होता हे राजेंना दिसलं, दर दहा मिनिटांनी दुखत होता आणि टाचणी तसं दाखवत नव्हता. राजेंनी रंगवलं, पुसलं, पुन्हा रंगवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ब्रश ठेवला तेव्हा त्यांना वाटलं, हा माझा आहे. चांगला की वाईट ते कळेना, पण माझा.

कार्यक्रमाला पॅसेज भरून गेला होता. एक डोळा नकली असलेली शंभरेक माणसं तिथे असतील, आणि कुणाचा कोणता हे राजेंना एकाचंही सांगता येईना. पडदा सरला. टाळ्या झाल्या. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर पुढे आले, चष्मा वर करून चित्राजवळ वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा डावा डोळा बघा. चाळीस वर्षांची साधना असल्याशिवाय असा डोळा होत नाही."

खरंच बोलले होते ते. राजेंच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण सांगितलं असतं तर टाचणीच मोठा होणार, आणि न सांगितलं तरी राजेंपुरता तोच मोठा होता. शिवाय ते गुपित त्यांचं नव्हतं. त्यांनी मान लववून आभार मानले. ते आभार त्यांना कडू औषधासारखे गिळावे लागले. मग एकेक माणूस येत गेला, डाव्या डोळ्याचं कौतुक करत गेला. उजव्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

गर्दी पांगल्यावर टाचणी आला. पॅसेजमध्ये दोघंच उरले होते. तो बराच वेळ चित्राजवळ उभा राहिला, मग राजेंकडे वळला, अख्खी मान वळवून.

"उजवा," तो म्हणाला, "मला जमला नसता, राजे."

हेच शब्द. हेच ऐकायला राजे चाळीस वर्षं थांबले होते. आणि आता ते मिळाल्यावर त्यांना तो खरं बोलतोय की जुन्या मित्राची समजूत घालतोय, हे कळल्यावाचून चैन पडेना. खरं-खोटं डोळ्यांत दिसतं म्हणतात. राजे पुढे झाले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या डोळ्यांत पाहिलं. सवयीने पाहिलं, म्हणून डाव्यात पाहिलं. तो नेहमीसारखाच सुंदर होता. राजेंनी नजर उजव्याकडे वळवली तोवर टाचणी रुमालाने तो पुसायला लागला होता.